बारा पावलं पुढे, तीन पावलं बाजूला

आई,

आज बारावा दिवस. श्रीकांत अकोल्यात तुमचं सगळं यथासांग करतोय आणि मी इथे आयर्लंडमध्ये, स्लायगोत, कारण तुमच्या नातीची, रेवाची बारावीची परीक्षा चालू आहे. फोनवर तो रोज विचारतो, "मृणाल, रडलीस का गं?" नाही रडले. खरं सांगू? मला हलकं वाटतंय. सून असं सासूच्या बाराव्याला म्हणाली तर तुमच्या गल्लीत काय बोलतील ते मला माहीत आहे, पण तुम्हाला लपवाछपवी कधीच खपली नाही. म्हणून हे आधी सांगून टाकते.

एक तर तुम्ही गेलात ते छान गेलात. दुपारी जेवलात, आरामखुर्चीत पेपर घेऊन बसलात आणि चहाला उठलाच नाहीत. मी भूलतज्ज्ञ. रोज लोकांच्या घशात नळ्या घालते, आणि तुमच्या वयाच्या बाईला आयसीयूत पाहिलं की दर वेळी मनात यायचं, आपल्या आईंवर ही पाळी येऊ नये. नाही आली. ती बातमी ऐकून मी आधी सुस्कारा टाकला, हेही सांगते.

आणि दुसरं म्हणजे, परवा मी शेजारच्या इमनकडे जाऊन सगळं सांगून आले. अडीच वर्षांनी. तुम्ही असताना गेले असते तर जास्त शोभलं असतं, मान्य आहे. ते एक शल्य राहणारच.

नोव्हेंबर दोन हजार दहा. तुम्ही पहिल्यांदा इकडे आला होतात आणि शनिवारी आपण दोघी डब्लिनला किराणा आणायला गेलो होतो. तिथल्या इंडियन दुकानात तुम्ही तूरडाळीच्या तीन पाकिटांचा वास घेतलात, तिन्ही नापास केलीत आणि चौथ्यासाठी दुकानदाराला गोदामात पिटाळलंत. मला पाच वाजता ड्यूटीवर हजर व्हायचं होतं. परतताना मी मनातल्या मनात तुमचा उद्धार करत गाडी हाणत होते. मागे तांदळाची दोन पोती, मांडीवर तुमची पर्स, आणि तुम्ही दर वळणाला "हळू वं, हळू" म्हणत होता. पुणेकर मुलीला गाडी चालवायला अकोल्याची बाई शिकवणार का, असं माझं तेव्हाचं डोकं.

घराच्या अलीकडचं ते वळण. पन्नासची पाटी. माझा काटा ऐंशीच्या पुढे होता. मी पाहिला होता तो, आई. वळण संपतं आणि लगेच डावीकडून इमनच्या घराकडचा अरुंद रस्ता येऊन मिळतो. त्याची जुनी निळी गाडी हळूच बाहेर आली. मी ब्रेकवर उभी राहिले, पण ओल्या रस्त्यावर व्हायचं तेच झालं. माझं नाक त्याच्या पुढच्या चाकाच्या वर घुसलं, दोन्ही गाड्या एकमेकींत अडकल्या आणि तशाच घसरत पलीकडच्या गवतात जाऊन थांबल्या. तुमचं मनगट मुरगळलं, त्याच्या कपाळाला खोक पडली. जीव वाचले सगळ्यांचे. खाली उतरून तो शहात्तर वर्षांचा माणूस आधी मलाच विचारत होता, "आर यू ग्रँड, लव्ह?" ठीक आहेस ना पोरी, असं.

गार्डा आला. पोरगेलासा पोलीस, वही काढून उभा. मी म्हणाले, चाळीसने होते. मुख्य रस्ता माझा, तो आडरस्त्याने आलेला. इमन म्हणाला की त्याने दोन्हीकडे पाहिलं होतं, रस्ता रिकामा होता. मग पोलिसाने तुमच्याकडे वळून मला विचारलं, तुमच्या आईंना विचारा बरं, गाडी साधारण किती वेगात होती.

तुम्ही म्हणालात, "लय जोरात होती बाप्पा. किती ते मले सांगता येत नाही. पण लय जोरात."

आणि मी त्याला इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, त्यांचं लक्ष नव्हतं."

छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. इंग्रजी पुस्तकं वाचून टिपणं काढणारी. पण मी धरून चालले होते की या आयरिश उच्चारांत तुम्हाला काही कळत नसणार. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. नववीच्या पोरीला कॉपी करताना पकडल्यावर बघत असाल तसं. पोलिसाने वही मिटली. कागदोपत्री चूक इमनची ठरली.

दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधलेली असताना तुम्ही "पाय मोकळे करून येते" म्हणून बाहेर पडलात आणि तासाभराने बुटांना चिखल लावून आलात. गाडीच्या कप्प्यातलं माहितीपुस्तक मागून घेतलंत. मला वाटलं, म्हातारपणचा चाळा. मी भात लावला. तुमच्या चौथ्या पाकिटाची डाळ खरंच चांगली होती, पण ते मी तुम्हाला बोलून दाखवलं नाही.

इमनने गाडी चालवणं सोडलं, हे आपल्याला महिन्याभराने कळलं. गॉलवेला असणाऱ्या त्याच्या मुलीने किल्ल्या घेतल्या, आणि त्याने मुकाट्याने दिल्या. मग तो दर शुक्रवारी बस स्टॉपवर दिसायचा, पेन्शनला आणि बाजाराला जायला. पावसात टोपी ओढून उभा. मी कितीदा तरी त्याला गाडीत घेतलं. दर वेळी तो थँक्स म्हणायचा, आणि दर वेळी त्या दिवसाबद्दल सॉरी म्हणायचा. आई, माझ्या गाडीत बसून, मला सॉरी!

एकदा तो सांगायला लागला. म्हणाला, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे तीनदा गेलो. डोळे ठीक आहेत म्हणतात. मला स्पष्ट आठवतंय की मी पाहिलं होतं. पण पाहिलं असतं तर तू दिसली असतीस ना? म्हणजे माझं आठवणंच बिघडलंय. माझ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. शेवटी तो मला ओळखत नव्हता." आणि मी, एक डॉक्टर, समोर बघत गाडी चालवत म्हणाले, "वयानुसार होतं असं थोडंफार." हे तुम्हाला मी कधीच सांगितलं नव्हतं. वेगाचं खोटं बोलले ते घाबरून. हे मात्र शांत डोक्याने बोलले. अडीच वर्षांत मला झोपू दिलं नाही ते या वाक्याने.

तुम्ही पुन्हा आलात दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात, सहा महिन्यांसाठी. आणि मला धक्काच बसला, कारण तुमची न् इमनची गट्टी जमली. तुम्ही धिरडी घेऊन त्याच्याकडे चालत जायच्या, तो तुम्हाला अंडी द्यायचा. ठेचा खाऊन तो परसात दोन फेऱ्या मारून आला होता, आणि वर "ग्रँड" म्हणाला होता. कपाटाला "प्रेस" म्हणायचं तुम्ही त्याच्याकडूनच शिकलात, आणि परत गेल्यावर अकोल्यात शेजारणीला म्हणालात म्हणे, "त्या प्रेसमधून वाटी काढ वं." त्याच्याशी तुम्ही चक्क इंग्रजीत बोलायच्या. शाळेच्या पुस्तकातली, सावकाश, एकेक शब्द सुटा, पण कोंबड्यांपासून गुडघ्यांपर्यंत सगळं. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी रस्त्यावर तुम्हाला माझं भाषांतर अक्षरन् अक्षर समजलं होतं. त्या दिवसापासून तुम्ही इमनकडे निघालात की मी खिडकीतून बघत राहायचे. आज सांगतील, आज सांगतील. तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. त्याचा मला राग यायचा, हे तुम्हाला विचित्र वाटेल. सांगून टाकलं असतंत तर मी सुटले असते.

मग तो ऑक्टोबरमधला रविवार. रेवा ओट्याशी पुस्तक उघडून बसली होती. संवेग अक्षय्यतेचा नियम. तुमचा आवडता धडा. शाळेतल्या प्रयोगाच्या गाड्या कुलपात असायच्या आणि किल्ली हेडमास्तरांकडे, म्हणून तुम्ही नववीतल्या दोन मुलींना मैदानात आडव्या-उभ्या धावायला लावून एकमेकींवर आदळवायच्या आणि मिठी मारून तशाच पुढे जा म्हणायच्या. एक जाडी, एक बारीक. कोणाच्या बाजूला जास्त सरकतात ते इतर मुलींनी बघायचं. पालक तक्रार घेऊन आले तेव्हा तुम्ही त्यांनाही धावायला लावलं होतं, ही गोष्ट श्रीकांत अजून हसत सांगतो.

तुम्ही रेवाला म्हणालात, "टक्कर झाली म्हणून काही हरवत नसते, बेटा. आधी दोघांकडे जेवढं होतं तेवढंच नंतर दोघांमध्ये राहते. दिशेसकट. आता मी एक गणित घालतो, ते सोडव." मी कणीक मळत होते. तुम्ही पर्समधून एक घडीचा कागद काढलात.

"एक लाल गाडी सरळ येऊन राहिली. एक निळी गाडी डावीकडून येऊन राहिली, काटकोनात. दोघींचं वजन सारखंच समज, बाराशे किलो. टकरल्या, अडकल्या, आणि सोबत घसरत गेल्या. बारा पावलं पुढे, तीन पावलं बाजूला. निळी गाडी थांबून निघाली होती, तिचा वेग पंधरा. लाल गाडीचा सांग."

माझे हात कणकेत तसेच राहिले. आपली गाडी लाल होती, हे रेवाच्या लक्षातही आलं नाही. तिने बाण काढले, आणि तिच्या त्या आयरिश हेलात म्हणाली, "धिस इज इझी, आजी. बाराला तीन म्हणजे फोर टाइम्स. सिक्स्टी! शी वॉज फ्लाइंग इट!" सुसाट होती बाई, असं. तुम्ही तिला शाबासकी दिलीत आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवलात. म्हणजे दोन वर्षं तुम्ही तो जपून ठेवला होता, नात त्या धड्यापर्यंत पोचायची वाट बघत! इतकी चिवट बाई मी दुसरी पाहिली नाही.

रेवा खोलीत गेली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. आणि मी काय बोलले? "आई, माझ्या गाडीत तांदळाची दोन पोती होती. ती तुम्ही धरलीच नाहीत."

तुम्ही क्षणभर विचार केलात. खरोखरच केलात, बाईंनी मुलीची शंका ऐकावी तसा. मग म्हणालात, "चाळीस किलोनं साठाचे अठ्ठावन्न होतील. चाळीस नाही होत."

तेवढंच. मी पोळ्या लाटायला घेतल्या आणि तुम्ही भाजायला उभ्या राहिलात. आपल्यात त्या विषयावर झालेलं ते पहिलं आणि शेवटचं भांडण. कबुली म्हणायची तर तीच, तांदळाच्या पोत्याआडून दिलेली. आणि तुमचं गणित तरी मला सूटच देत होतं, कारण साठ हा ब्रेक दाबल्यानंतरचा वेग. त्याआधीचे ऐंशी फक्त मला ठाऊक होते.

विमानतळावर मी तुम्हाला विचारलंच, "तुम्ही इमनला का नाही सांगितलं?" व्हीलचेअर ढकलणारा माणूस आला होता, तुम्ही त्याला हाताने थांबवलंत. "दुसऱ्याच्या पेपरात मी उत्तर लिहत नसतो, मृणाल. छत्तीस वर्षांत नाही लिहलं." आणि मग माझ्या गालावर हात ठेवलात. "भिऊ नको वं. लय कठीण पेपर नाही." तो हात किती गरम होता. मी तेव्हाही रडले नाही, घाईने तुमचं पारपत्र तपासत बसले. त्यानंतर सहा महिने मी रोज उद्या जाऊ म्हणत राहिले, आणि मग श्रीकांतचा फोन आला.

आई, मला तुमच्यावर रागवायचंही आहे. त्याचे तीन हिवाळे बस स्टॉपवर गेले. तुम्ही तोंड उघडलं असतंत तर एक तरी वाचला असता. माझ्या पेपरची तुम्हाला एवढी काळजी, आणि त्याचं काय? यावर आपण कडकडून भांडायला हवं होतं. तुम्ही काय म्हणाला असता ते मला सुचत नाही, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं, की आता सुचवायला कोणी नाही.

परवा सकाळी विमा कंपनीला आणि गार्डा स्टेशनला पत्रं टाकली. खरा वेग, खोटं भाषांतर, सगळं. आधी पत्रं टाकली, म्हणजे मला मागे फिरायची सोय उरू नये. पुढे जे व्हायचं ते होईल. मग श्रीकांतला फोन केला. तो म्हणाला, "आईला माहीत होतं?" मी म्हटलं, "आईंनीच सोडवलं." तो हसला की रडला ते कळलं नाही. म्हणाला, "जा आता. उशीर नको करूस."

इमन परसात कोंबड्यांना दाणे टाकत होता. तुम्ही गेल्याचं त्याला मी आधीच सांगितलं होतं, म्हणून त्याने टोपी काढली आणि तुमच्याबद्दल चार शब्द बोलला. मग मला आत नेऊन किटली ठेवली. मी बसले नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "त्या दिवशी माझा वेग ऐंशीच्या वर होता. मी चाळीस सांगितलं. त्या वेगाने वळणावरून येणारी गाडी तुम्ही पाहिलंत तेव्हा तिथे नव्हतीच. तुम्ही पाहिलंत तेव्हा रस्ता रिकामा होता."

त्याने किटली बंद केली. "पुन्हा सांग," म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. त्याला पटेना, म्हणून टेबलावरच्या पावतीच्या मागे तुमचे बाण काढून दाखवले. तो बघत राहिला. "माझ्या डिकीत कोळशाच्या पिशव्या होत्या," तो म्हणाला, अगदी माझ्यासारखाच. मी म्हटलं, "माझ्याकडे तांदूळ होता. फिटंफिट."

तो नाही हसला. त्याचा चेहरा लाल झाला आणि मग तो ओरडला, आई. इतका सौम्य माणूस, पण टेबलावर हात आपटून ओरडला. मुलगी, किल्ल्या, बस, पाऊस. भावाचं नाव घेऊन म्हणाला, "माझं डोकं गेलं असं मी धरून बसलो होतो. आणि तू डॉक्टर! तू मला गाडीत बसवून म्हणालीस वयानुसार होतं!" "हो, म्हणाले," एवढंच बोलले. त्याच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता. "जा आता," तो म्हणाला, "आत्ता जा."

मी निघाले. गाडीपर्यंत गेले, पण पर्समध्ये किल्ली सापडेना. त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आतून फोनचा नंबर फिरवल्याचा आवाज आला, मग त्याचा. आधी ओळखूच आला नाही, इतका तो तरणा झाला होता. लेकीशी बोलत होता.

"पाहिलं होतं गं मी," तो म्हणत होता. "सांगत होतो ना तुला? दोन्हीकडे पाहिलं होतं. मला बरोबर आठवत होतं, बाळा. सगळं बरोबर आठवत होतं."